पंचमाखाली अर्धा स्वर

29 सप्टेंबर 1918. रविवारची सकाळ आहे आणि तुम्ही लंडनच्या लँगहॅम प्लेसवरच्या क्वीन्स हॉलमध्ये येऊन बसला आहात. सभागृह प्रचंड, माणसं मात्र जेमतेम अडीचशे, आणि सगळी निमंत्रित. बाल्फर गार्डिनर नावाच्या एका सधन संगीतकाराने आपल्या मित्राला निरोपाची भेट म्हणून आजच्या सकाळपुरतं हे सभागृह आणि हा ऑर्केस्ट्रा मिळवून दिला आहे. मित्राचं नाव गुस्ताव्ह होल्स्ट. वय 44. डोळ्यांवर चष्मा, तब्येत तोळामासा. हॅमरस्मिथच्या मुलींच्या शाळेत तो संगीत शिकवतो, आणि आता सैनिकांना शिकवायला सलोनिकाला निघाला आहे. जाण्याआधी त्याने आडनावातलं 'फॉन' काढून टाकलंय, कारण जर्मनीशी लढणाऱ्या सैनिकांपुढे ते नाव घेऊन उभं राहणं अवघड होतं.

वादकांना सरावासाठी दोन तासही मिळालेले नाहीत. 29 वर्षांचा एड्रियन बोल्ट छडी उचलतो.

पहिल्यांदा तुम्हाला सूर ऐकूच येत नाही, येतो तो टकटकाट. व्हायोलिनवाल्यांनी गज फिरवलेत. केसांऐवजी गजाच्या लाकडाने ते तारांवर आघात करताहेत. जोडीला लाकडी काठ्यांनी वाजणारी टिंपनी. आवर्तन पाच मात्रांचं, त्यामुळे पावलं टाकू पाहणाऱ्याचा पाय दर वेळी चुकावा. खाली एकच षड्ज हटवादीपणे ठोकला जातोय. त्यावर बसून ही सुषिर वाद्यं आणि हॉर्न हळूहळू वर येतात. सा. मग पंचम. पंचमावर आता विसावा मिळणार असं वाटतं तोच सूर अर्ध्या स्वराने खाली सरकतो आणि तीव्र मध्यमावर थांबून राहतो.

हा 'मंगळ'. होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' या रचनेतला पहिला ग्रह, युद्ध आणणारा. सभागृहातले लोक गेली चार वर्षं युद्धात जगताहेत आणि त्यांना या टकटकाटात मशीनगन ऐकू येणं साहजिक आहे. पण तुम्ही तारीख मागे न्या. 1914 चा उन्हाळा, युद्ध पेटायच्या आधीचा. त्याच शाळेत वर्षभरापूर्वी बांधलेली एक ध्वनिरोधक खोली आहे आणि रविवारी शाळा रिकामी असताना होल्स्ट तिथे बसून लिहितो. एकट्याने नाही. त्याच्या उजव्या हाताच्या नसा इतक्या दुखतात की पियानोवादक व्हायचं स्वप्न त्याने तरुणपणीच सोडलं आणि ट्रॉम्बोन हाती घेतला. आता तर लेखणीही नीट धरवत नाही. व्हॅली लास्कर आणि नोरा डे या दोन सहकारी शिक्षिका त्याच्या सांगण्यावरून स्वरलिपी उतरवून घेतात आणि दोन पियानोंवर वाजवून दाखवतात.

त्याच्या टेबलावर ज्योतिषाची पुस्तकं आहेत. त्याआधीची बरीच वर्षं त्याने संस्कृतसाठी दिली आहेत. ऋग्वेदातल्या सूक्तांची स्वतः भाषांतरं करून त्यांना त्याने चाली लावल्या, सत्यवान-सावित्रीच्या कथेवर छोटा ऑपेरा लिहिला. चेल्टनहॅममध्ये जन्मलेल्या या माणसाने यमाला रंगमंचावर आणून गायला लावलं. मंगळाची भीती ज्याने इतकी अचूक ऐकली, त्याचा कान मृत्यूच्या पायरवाला आधीपासून सरावलेला होता असं मला वाटतं.

तीव्र मध्यम आपल्याला परका नाही. यमनमध्ये गंधार त्याला हाताला धरून नेतो आणि पंचम त्याला जवळ घेतो. मारव्यात पंचम नाहीच, म्हणून संध्याकाळची ती हुरहुर सुटता सुटत नाही. होल्स्टने केलं ते वेगळं. त्याने षड्ज, पंचम दाखवून आसरा देऊ केला आणि लगेच काढून घेतला, गंधाराचा मायेचा हात तर पुढे केलाच नाही. युरोपच्या मध्ययुगीन चर्चने या स्वरांतरावर बंदी घातली होती अशी दंतकथा हेवी मेटलचे चाहते हौसेने सांगतात. तिला पुरावा नाही. 'संगीतातला सैतान' हा शब्दप्रयोग अठराव्या शतकातल्या संगीतशास्त्राच्या ग्रंथांत येतो आणि तिथेही तो विद्यार्थ्यांना दिलेला इशारा आहे, की हा सूर गायला कठीण, जपून वापरा. बंदीची गोष्ट खोटी ठरली म्हणून या स्वराची ताकद कमी होत नाही. उलट ती आता बाहेरच्या दंतकथेवर उभी नाही, कानावर उभी आहे.

आता 1965. बर्मिंगहॅममधला पत्र्याच्या कामाचा एक कारखाना. यंत्रांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तुम्हीही ओठ वाचायला लागता. समोर 17 वर्षांचा टोनी आयोमी आहे. कामाचा आज त्याचा शेवटचा दिवस, कारण एका बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलंय. तो खरं तर वेल्डिंग करतो, पण पत्रा दाबणाऱ्या यंत्रावरचा माणूस आला नाही म्हणून त्याला तिथे बसवलंय. दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा परत यायची त्याची इच्छा नव्हती. दिवस नीट पुरा करून ये, असं आईने बजावलं म्हणून तो आला.

यंत्र त्याच्या उजव्या हातावर येतं. तो दचकून हात मागे ओढतो आणि मधल्या दोन बोटांची टोकं तिथेच राहतात.

आयोमी डावखुरा आहे. म्हणजे गिटारच्या पडद्यांवर तारा दाबणारा हात हाच. गिटार आता विसर, असं डॉक्टर सांगतात. काही दिवसांनी कारखान्याचा व्यवस्थापक घरी येतो आणि एक रेकॉर्ड लावतो. आयोमीला ऐकायचं नाहीये. तो ऐकवतो, आणि मग सांगतो की हा वाजवणारा जँगो राइनहार्ट, आगीत हात भाजल्यावर दोनच बोटांनी पडदे दाबून वाजवतो. तुम्ही त्या खोलीच्या कोपऱ्यात उभे राहून आयोमीचा चेहरा बघत राहा. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून तो बोटांसाठी टोप्या बनवेल, तापलेल्या सोल्डरिंगच्या सळईने त्यात बोटाएवढी भोकं पाडेल, कानशीने घासेल, जुन्या जाकिटाचं चामडं कापून वर चिकटवेल. जाड तारा दाबवत नाहीत म्हणून बँजोच्या हलक्या तारा गिटारला लावून बघेल. पुढे 1971 पर्यंत तो सगळ्या तारा तीन अर्ध्या स्वरांनी खाली उतरवेल. तार सैल झाली की बोटांना कमी टोचते, हे त्यामागचं एक कारण. हेवी मेटलचा तो खर्जातला जड आवाज एका जखमी हाताच्या सोयीतून घडला.

टोप्या घातलेल्या बोटांना तारेचा स्पर्श कळत नाही, त्यामुळे भरगच्च स्वरसंगती धरणं त्याला जड जातं. मग षड्ज आणि पंचम एवढेच दोन सूर एकत्र दाबायचे आणि ॲम्प्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलायचा. असा ताणलेला ॲम्प्लिफायर दोन सुरांच्या मिश्रणातून स्वतःचे आणखी सूर तयार करतो, आणि सा-पच्या जोडीतून तर मूळ षड्जाच्या एक सप्तक खालचा षड्ज उमटतो. गिटारवर कोणी न वाजवलेला खर्ज तुमच्या बरगड्यांना जाणवतो. गंधार मिसळला तर मात्र त्याच ॲम्प्लिफायरमधून गढूळ आवाज येतो. म्हणून गंधार गेला. होल्स्टच्या मंगळातून तो आधीच गेला होता.

1969, ॲस्टन. चार मुलं सराव करताहेत. चौघेही याच कामगार वस्तीतले. ऑझी ऑझबर्नने खाटीकखान्यात काम केलेलं आहे. बँडचं नाव अजून 'अर्थ' (इंग्रजीतली पृथ्वी) आहे आणि ते ब्लूज वाजवतात. बेस वाजवणाऱ्या गीझर बटलरला होल्स्टचा 'मंगळ' अतिशय आवडतो. पुढे अनेक मुलाखतींत तो सांगेल की मी बेसवर ती धून छेडत बसलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी टोनी ही रिफ घेऊन आला. तुम्ही आला आहात त्या दुसऱ्या दिवशी.

आयोमी वाजवतो. मंद्र षड्ज. मग तार षड्ज. मग तीव्र मध्यम, आणि तो सूर थरथरत तिथेच ठेवलेला. तीनच सूर. होल्स्टचा षड्ज पाश्चात्त्य 'जी', आयोमीचाही 'जी'. होल्स्ट पंचमाला स्पर्श करून खाली सरकला होता. आयोमीने पंचम गाळला, सप्तकाची एक लांब उडी घेतली आणि अर्ध्या वाटेवर परत पडला. लय इतकी संथ की दोन आघातांच्या मध्ये तुम्हाला स्वतःचा श्वास ऐकू येतो. पाच मात्रांचा लष्करी ठोका गेला, भीती राहिली. बिल वॉर्ड ड्रमवर साथ देताना जागा मोकळ्या सोडतो. खोलीतल्या कोणाला स्वरलिपी वाचता येत नाही आणि त्यांना त्याची गरजही पडत नाही, कारण होल्स्टचं त्यांना जे हवं होतं ते कागदावर नव्हतंच, रेकॉर्डवर होतं.

याच वर्षीच्या शरदात, 24 सप्टेंबर 1969 च्या रात्री, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्येही डोकावून या. डीप पर्पल हा बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा एकाच मंचावर आहेत. रचना बँडचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड याची, तीन भागांची. संचालक माल्कम आर्नल्ड. सरावात ऑर्केस्ट्रातल्या काहींनी नाकं मुरडली आणि आर्नल्डने त्यांना फैलावर घेतलं. लॉर्डचं धाडस मोठं होतं, आणि ती रात्र मला मनापासून प्रिय आहे. पण नीट ऐका: ऑर्केस्ट्रा बोलतो तेव्हा बँड वाट बघतो, बँड बोलतो तेव्हा ऑर्केस्ट्रा. दोघं सभ्यपणे शेजारी बसले आहेत. पुढे 1999 मध्ये मेटॅलिका हा मेटल बँड आणि सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी बर्कलेमध्ये असेच एकत्र येतील. टाळ्या मिळतील, विक्री होईल. तरीही शास्त्रीय संगीत मेटलच्या रक्तात उतरलं ते अशा मंचांवर नाही. अल्बर्ट हॉलनंतर 22 दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, आयोमी आणि मंडळी रीजंट साउंड स्टुडिओत गेली आणि एका दिवसात अख्खी तबकडी वाजवून बाहेर पडली. बँडचं नाव तोवर ब्लॅक सॅबथ झालं होतं. पाऊस आणि घंटा नंतर जोडली. 13 फेब्रुवारी 1970 च्या शुक्रवारी तबकडी बाजारात आली. समीक्षकांनी झोडपली, लोकांनी विकत घेतली. ऑर्केस्ट्रातलं एकही वाद्य तिच्यात नाही, आणि तरी क्वीन्स हॉलची ती सकाळ तिच्यातून तुम्हाला लख्ख ऐकू येते.

आता खूप मागे चला. 21 फेब्रुवारी 1706, जर्मनीतलं आर्नश्टाट. चर्चच्या कारभाऱ्यांसमोर एक विशीतला ऑर्गनवादक उभा आहे. लुबेकला जाऊन बुक्स्टेहुड या थोर ऑर्गनवादकाला ऐकायचं म्हणून त्याने चार आठवड्यांची रजा घेतली आणि 400 किलोमीटर पायी गेला. परतला तो जवळपास चार महिन्यांनी. कारभाऱ्यांचा राग फक्त रजेचा नाही. आल्यापासून हा भजनांच्या साथीत विचित्र तऱ्हा घालतो, नको ते सूर मिसळतो, लोकांना गाता गाता पुढचं सुचत नाही. आधी फार लांब वाजवायचा, बोलणी खाल्ल्यावर फारच तोकडं वाजवू लागला. त्याआधीच्या उन्हाळ्यात एका बसूनवादकाशी रस्त्यात त्याची मारामारीही झाली होती, तलवार उपसण्यापर्यंत. नाव योहान सेबास्टियन बाख.

सुनावणी सोडा आणि चर्चमध्ये जा. तो ऑर्गनवर बसलाय. वाफेची इंजिनं अजून आलेली नाहीत. ढगांचा गडगडाट आणि तोफा वगळल्या तर या गावातल्या माणसाने ऐकलेला हा सर्वांत मोठा आवाज. पायांनी वाजणारे खर्जाचे सूर लाकडी बाकातून तुमच्या पाठीच्या कण्यात चढतात. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल: पट्टी दाबून धरली आहे तोवर ऑर्गनचा सूर मरत नाही.

साध्या गिटारचा सूर मरतो. तार छेडली की तो उमटतो आणि लगेच विरायला लागतो, म्हणून गिटारवर बाख वाजवणारे वर्षानुवर्षं त्या विरण्याशी झुंजले. ताणलेल्या ॲम्प्लिफायरने ते दुखणं संपवलं. मोठा आवाज दाबला जातो, लहान उचलला जातो, सूर लांबतो. गिटार ऑर्गनसारखी धरून ठेवता येऊ लागली, व्हायोलिनसारखी ओढता येऊ लागली. बाख आणि पागानिनी मेटलमध्ये आले त्यामागे अभिरुचीपेक्षा हे तांत्रिक कारण मोठं आहे, असं माझं ठाम मत आहे. दार उघडल्यावर आत कोण येणार हे ज्याच्या त्याच्या संस्कारावर ठरलं, पण दार विजेने उघडलं.

डिसेंबर 1971, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. तलावाकाठचं ग्रँड हॉटेल हिवाळ्यासाठी बंद आहे आणि त्याच्या कडाक्याच्या थंडीतल्या मार्गिकेत गाद्या भिंतींना टेकवून डीप पर्पल ध्वनिमुद्रण करतंय. ज्या कॅसिनोत ते करायचं होतं तो 4 तारखेला, फ्रँक झापाच्या कार्यक्रमात, जळून गेला. यंत्रसामग्री बाहेर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये आहे, तिथवर पोहोचायला खोल्या आणि बाल्कन्या ओलांडाव्या लागतात. म्हणून झालेलं ऐकून बघण्याचा सोस कोणाला फारसा नाही. बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर 'हायवे स्टार'मधला आपला तुकडा वाजवायला उभा राहतो. एरवी तो ऐन वेळी सुचेल ते वाजवणारा. हा तुकडा मात्र त्याने घरून सूर न् सूर बांधून आणलाय. एक छोटा आकृतिबंध घ्यायचा, एक पायरी खाली उतरून तोच पुन्हा, मग आणखी एक पायरी. खाली स्वरसंगती बदलत राहते आणि प्रत्येक बदलावर त्याच आकृतीचा रंग वेगळा दिसतो. ही बाखची चाल. ती बाखकडून घेतल्याचं ब्लॅकमोर पुढे मोकळेपणाने सांगत राहिला. तुम्ही आर्नश्टाटहून नुकतेच आला आहात, तुम्हाला सांगावं लागणार नाही.

आता पुन्हा मागे: 9 मार्च 1831, पॅरिस, ऑपेरागृह. इथे धक्काबुक्की करूनच आत जावं लागतं. गेली दोन-तीन वर्षं व्हिएन्ना, प्राग, जर्मन शहरं जिंकत आलेला इटालियन आज इथे पहिल्यांदा वाजवणार आहे. तुमच्या मागे कोणीतरी सांगतंय की याने खून करून तुरुंगात वर्षं काढली आणि तिथे व्हायोलिनला एकच तार उरली होती. दुसरा म्हणतो, व्हिएन्नात याच्या हातामागे प्रत्यक्ष सैतान उभा असलेला पाहणारे आहेत. यावर्षी याच शहरातल्या एका संगीत नियतकालिकात पत्र देऊन तुरुंगाची गोष्ट खोटी असल्याचं त्याला जाहीर करावं लागणार आहे.

निकोलो पागानिनी येतो. काळा पोशाख, हाडांचा सापळा, खांद्यांवर रुळणारे केस, दात गेल्यामुळे आत ओढलेले गाल. हातात 1743 चं ग्वार्नेरीचं व्हायोलिन, ज्याला तो त्याच्या आवाजामुळे तोफ म्हणतो. आणि मग तुम्ही पाहता ते सैतानाचं काम नाही, श्रमाचं आहे. उजवा हात गज उसळवतोय, त्याच वेळी डाव्या हाताची मोकळी बोटं तारा छेडताहेत. डाव्या हाताची बोटं इतकी मागे वळतात की अंगठा जागचा न हलता तीन सप्तकांत फिरता येतं. काही रचनांसाठी तो तारा नेहमीपेक्षा वर चढवतो, म्हणजे ऑर्केस्ट्रापेक्षा त्याचं वाद्य अधिक लखलखीत बोलतं. आयोमीने पुढे बोटांसाठी तारा उतरवल्या, पागानिनीने कानांसाठी चढवल्या. आपल्या शरीराला मानवेल तसं वाद्य बदलून घेण्याचा निःसंकोचपणा दोघांत सारखा.

त्याचे 24 कॅप्रिस 1820 मध्येच छापून आले आहेत आणि ते त्याने कोणा राजाला किंवा सरदाराला नाही, कलावंतांना अर्पण केले आहेत. पुढल्या वर्षी याच शहरात विशीतला फ्रान्झ लिस्ट त्याला ऐकेल आणि पियानोवर तेच साधायचं म्हणून स्वतःला कोंडून घेऊन रियाझाला बसेल. सैतानाची अफवा मात्र पागानिनीला मेल्यावरही सोडणार नाही. 1840 मध्ये नीसला तो वारेल तेव्हा बिशप त्याला पवित्र भूमीत पुरू देणार नाही, आणि त्याचं शव इकडून तिकडे फिरत राहील. पार्मातल्या दफनभूमीत त्याला कायमची जागा मिळेल ती 1876 मध्ये.

आता स्टॉकहोम, एकोणीसशे सत्तरचं दशक. एका घरात दूरचित्रवाणीवर व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमर पागानिनीचे कॅप्रिस वाजवतोय आणि समोर एक पोरगा खिळून बसलाय. इंग्वे मालमस्टीन. सात वर्षांचा असताना जिमी हेंड्रिक्सच्या मृत्यूच्या बातमीत त्याला गिटार जाळताना पाहिलं आणि याने गिटार हाती घेतली. डीप पर्पल त्याला पाठ आहे. ब्लॅकमोरमागून येणारा तो वेगळाच सुगंध कोणाचा, हे त्याला आज कळतंय. गिटारवादकांकडून गिटार शिकायची नाही, व्हायोलिनवादकाकडून शिकायची, हे त्याचं तेव्हापासूनचं धोरण. किशोरवयात वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात कामाला असताना त्याला एक जुनं ल्यूट दिसतं, ज्याच्या पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलंय. तो आपल्या गिटारचं लाकूड तसंच कोरतो. आता बोट लाकडाला टेकत नाही, फक्त तारेला टेकतं. सतारीवर मींड घेणाऱ्या माणसाला यातलं सुख ताबडतोब कळेल.

1984 मध्ये त्याची 'रायझिंग फोर्स' ही तबकडी आली. तिच्यातले स्वर लावून पाहिलेत तर तुम्हाला किरवाणी सापडेल: कोमल गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद. चलन अर्थात वेगळं, बारोक काळातलं. 'इकॅरस ड्रीम स्वीट' या रचनेत तर अल्बिनोनीच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अडाजिओची धून उघडपणे येते. नुसता वेग, नुसती कसरत, असं त्याला हिणवलं गेलं. पागानिनीलाही हेच ऐकावं लागलं होतं. मी मालमस्टीनच्या बाजूने उभा आहे. अशक्य वाटणारी गोष्ट माणसाच्या बोटांनी होताना पाहणं हा संगीतातला एक खरा, जुना आनंद आहे आणि मैफलीत जबरदस्त तान आली की आपण उगीच दाद देत नाही. खंत आहे ती त्याच्यामागून आलेल्या फौजेची. तिने वेग उचलला, पण तो मुलगा टीव्हीसमोर ज्या नजरेने बसला होता ती नजर तिच्यातल्या थोड्यांकडेच होती.

मालमस्टीनच्या तबकडीआधीच गेलेल्या गिटारवादक रँडी ऱ्होड्सकडे ती होती. नॉर्थ हॉलिवूडमध्ये त्याच्या आईची, डेलोरेसची, 'म्युझोनिया' नावाची संगीतशाळा आहे. तिथे आत शिरा. त्याचं शिक्षण इथलं, आणि बँडमध्ये वाजवू लागल्यावर तो शिकवायचाही इथेच. ब्लॅक सॅबथमधून बाहेर पडलेल्या ऑझी ऑझबर्नच्या 1980 मधल्या पहिल्या तबकडीवर, त्या सगळ्या गर्जनेच्या मधोमध, ऱ्होड्सने साध्या गिटारवरची एक मिनिटभराची रचना ठेवली, आईसाठी. दुसऱ्या तबकडीचं शीर्षकगीत 'डायरी ऑफ अ मॅडमॅन' ऐका: तारा एकेक करून छेडत जाण्याची ती अस्वस्थ रीत क्यूबाच्या लिओ ब्राउवरच्या सहाव्या एत्यूदवरून स्फुरलेली. ब्राउवर तेव्हा चाळिशीतला, कामात बुडालेला संगीतकार होता. शास्त्रीय म्हणजे मेलेल्या माणसांचं, असं ऱ्होड्सने कधी मानलं नाही.

1982 चा हिवाळा. अमेरिकेतलं कुठलंही एक शहर, हॉटेलची खोली. आज रात्री हजारो लोक ओरडणार आहेत. सकाळी 25 वर्षांचा ऱ्होड्स त्या गावाची टेलिफोन डिरेक्टरी उघडून शास्त्रीय गिटारचे शिक्षक शोधतो. फोन लावतो, वेळ ठरवतो, फी भरतो, विद्यार्थी म्हणून समोर बसतो. पुढच्या गावात पुन्हा तेच. बँड सोडून विद्यापीठात जायचं, पदवी घ्यायची, असं तो जवळच्यांना सांगू लागलाय. 19 मार्चला फ्लॉरिडात लीसबर्गजवळ छोट्या विमानाच्या अपघातात तो गेला.

इथून पुढचा थांबा लांब आहे: हेलसिंकी, नव्वदच्या दशकाचा मध्य. सिबेलियस अकादमीतले चार चेलोवादक एका क्लबात बसलेत. दिवसा ते बाख आणि शोस्टाकोविच घोटतात. रात्री, एइक्का तोप्पिनेनच्या पुढाकाराने, मेटॅलिका वाजवतात, ज्या मेटॅलिकाच्या बेसवादकाने, क्लिफ बर्टनने, बाख मन लावून शिकून तो आपल्या गाण्यांत मुरवला होता. गायक नाही, ड्रम नाहीत, पहिल्या तबकडीवरही असणार नाहीत. 1996 मध्ये ती येईल तेव्हा तिच्यावर फक्त चार चेलो आणि मेटॅलिकाची आठ गाणी असतील. तोप्पिनेन गज तारेवर असा दाबून ओढतो की चेलो गिटारसारखा खरखरतो. गुरूंनी वर्षानुवर्षं जी खरखर काढून टाकायला शिकवलं, तीच तो शोधतोय, आणि ती सापडल्यावर चौघेही एकदम वेग वाढवतात. काही वर्षांनी हेच लोक ग्रीगच्या डोंगरराजाच्या दालनातली धून याच तऱ्हेने वाजवतील, आणि ती मेटल वाटेल, कारण 1870 च्या दशकात ग्रीगने ती लिहिली तेव्हाच तिच्यात चढत जाणारा, धापा टाकायला लावणारा तो ठोका होता. गर्दीतले केस हवेत उडताहेत. चेलोवादकांचेही.